पाटी आणि पडदा: टीएचएक्स प्रमाणपत्राचे मोल

डिसेंबर 1975मध्ये स्टॅन्ले क्युब्रिक यांनी ‘बॅरी लिंडन’ दाखवणाऱ्या प्रोजेक्शनिस्टांना एक पत्र धाडले. चौकटीचे प्रमाण 1:1.66 ठेवा, पडद्यावरचा प्रकाश 15 ते 18 फूट-लॅम्बर्ट असू द्या, अशा सूचना त्यात होत्या. 2001मध्ये ‘मलहॉलंड ड्राइव्ह’च्या वेळी डेव्हिड लिंच यांनी आवाज नेहमीपेक्षा 3 डेसिबलने वर ठेवण्याची विनंती केली. 2011मध्ये ‘द ट्री ऑफ लाइफ’साठी टेरेन्स मॅलिक यांनीही तसेच केले: प्रकाश 14 फूट-लॅम्बर्ट हवा, आवाज प्रमाण पातळीच्या किंचित वर हवा.

या पत्रांच्या तारखा शेजारी शेजारी मांडल्या की एक प्रश्न पडतो. चित्रपटगृहाच्या दर्जाचे प्रमाणपत्र देणारी टीएचएक्स ही व्यवस्था 1983मध्येच अस्तित्वात आली होती. मग त्यानंतर अठरा आणि अठ्ठावीस वर्षांनी दिग्दर्शकांवर अशी आर्जवे करण्याची पाळी का यावी? ध्वनिशास्त्राचे रीतसर शिक्षण मी घेतलेले नाही. तांत्रिक मानके आणि यंत्रांच्या माहितीपुस्तिका वाचत जे हाती लागले, त्याच्या आधारे या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा हा प्रयत्न आहे.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. डॉल्बी आणि टीएचएक्स ही नावे आपल्याकडे एका दमात घेतली जातात. डॉल्बी ही ध्वनी नोंदवण्याची आणि पुन्हा ऐकवण्याची पद्धत. टीएचएक्समध्ये मात्र नोंदवण्यासारखे काहीच नाही. जॉर्ज लुकास यांच्या लुकासफिल्ममध्ये काम करणारे ध्वनितज्ज्ञ टॉमलिन्सन होल्मन यांनी स्टुडिओत घडवलेला आवाज गृहात पोचेपर्यंत का बिघडतो याचा शोध घेतला आणि दोष खोलीतच सापडले. त्यातून गृहासाठी अटींची एक यादी तयार झाली. मे 1983मध्ये ‘रिटर्न ऑफ द जेडाय’सोबत ती प्रत्यक्षात आली.

या अटी आजही वाचण्यासारख्या आहेत. पडद्यामागचे स्पीकर एका भक्कम भिंतीत बसवलेले असावेत, म्हणजे खर्जाचा आवाज मागे वाया जात नाही. वातानुकूलन आणि शेजारच्या पडद्याची घरघर एनसी-30 या ठरावीक मर्यादेच्या आत हवी. भिंतींवरून आवाज घुमता कामा नये. शेवटच्या रांगेतून पडदा किमान 26 अंशांच्या कोनात दिसावा. मला यातली शेवटची अट सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण ती मोजमाप मागच्या खुर्चीवरून करायला लावते. शिवाय हे प्रमाणपत्र कायमचे नव्हते. दरवर्षी तपासणी होऊन त्याचे नूतनीकरण करावे लागे.

मग उणीव कुठे राहिली? माझ्या मते ती एका छोट्या बटनात आहे. गृहातल्या ध्वनियंत्रावर फेडर असतो आणि त्यावरची 7 ही खूण म्हणजे प्रमाण पातळी. चित्रपटाचे ध्वनिमिश्रण होते तेव्हा दिग्दर्शक याच पातळीवर ऐकत असतो. तपासनीसही 7वरच मोजणी करून जातो. दुसऱ्या दिवशी कुणी प्रेक्षक जाहिरातींचा आवाज फार मोठा असल्याची तक्रार करतो, व्यवस्थापक फेडर 5वर आणतो आणि तो तिथेच राहतो. त्या पट्ट्यात एका अंकाला सुमारे 3.3 डेसिबल धरले, तर दोन अंकांत साडेसहाहून अधिक डेसिबल जातात. ऊर्जेच्या हिशेबाने जेमतेम पाचवा हिस्सा उरतो. वातानुकूलनाची घरघर मात्र आहे तेवढीच राहते आणि हळू बोललेले वाक्य तिच्याखाली बुडते. भिंत, स्पीकर, कोन सारे प्रमाणाबरहुकूम असूनही संवाद हरवतो. मिश्रण करणारेही मग गृहात आवाज पडणारच हे धरून मूळ आवाज चढवतात आणि फेडर आणखी खाली जातो. ट्रेलर आणि जाहिरातींच्या आवाजावर अनुक्रमे 85 आणि 82 डेसिबलच्या मर्यादा आल्या त्या याच चक्रामुळे.

प्रकाशाचेही असेच. डिजिटल प्रक्षेपणासाठी 14 फूट-लॅम्बर्ट हे प्रमाण आहे. पण झेनॉन दिवा वापरासोबत मंदावत जातो आणि तो कधी बदलायचा हा मालकाच्या खर्चाचा प्रश्न असतो. 2011मध्ये ‘बोस्टन ग्लोब’ने दाखवून दिले की काही गृहांत त्रिमितीसाठीची भिंगे न काढताच साधे चित्रपट दाखवले जात होते आणि पडदा कमालीचा काळवंडत होता. हा दोष बांधकामाचा नव्हताच. भिंग बदलायला लागणाऱ्या वेळेचा आणि माणसाचा होता.

म्हणजे प्रमाणपत्र खोलीची हमी देते, खेळाची देत नाही. म्हणून ते निरुपयोगी ठरते, असे मात्र मी म्हणणार नाही. टीएचएक्सच्या आधी प्रेक्षकाची तक्रार ‘आवाज नीट नव्हता’ इतकीच राही. या व्यवस्थेने तिला आकडे दिले. वाईट खोलीत प्रामाणिक ऑपरेटरही फारसे काही करू शकत नाही, हेही खरे. आयमॅक्सने पुढे गृहातच मायक्रोफोन आणि कॅमेरे बसवून रोजची तपासणी सुरू केली. तपासणीत जितका खंड कमी, तितके प्रमाणपत्र खरे, असा याचा अर्थ मी लावतो.

‘सामान्य प्रेक्षकाला फरक कळत नाही’ हा आक्षेप नेहमीचा. फरक त्याला जाणवतो, पण दोष तो चित्रपटाला देतो. ‘संवाद कळले नाहीत’, ‘छायाचित्रण फार काळोखी होते’ ही वाक्ये आपल्या परीक्षणांतही येतात. धडाकेबाज चित्रपट 5वरही ऐकू येतो. नुकसान होते ते कुजबुजीवर आणि शांततेवर उभ्या असलेल्या चित्रपटांचे, आणि अलीकडच्या चांगल्या मराठी चित्रपटांपैकी बरेच याच जातीचे आहेत. ‘फँड्री’च्या शेवटी भिरकावलेला दगड थेट आपल्याकडे येतो. त्यानंतरचे काही क्षण अंधाराचे आणि सुन्नपणाचे असतात. तेवढ्यात दिवे लावून दारे उघडणाऱ्या गृहात तो दगड कुणालाच लागत नाही.

आपल्याकडे सेन्सॉरचे प्रमाणपत्र दर खेळाआधी पडद्यावर दाखवतात. चित्रपट कसा आहे, हे त्यावरून कळते. तो कसा दाखवला जाणार आहे, हे सांगणारा कागद मात्र प्रेक्षकासमोर येत नाही. परदेशी संस्थेची महागडी पाटी प्रत्येक तालुक्याच्या गृहाला परवडणार नाही, आणि तिची गरजही नाही. तिकीट खिडकीजवळ तीन गोष्टी लिहिल्या तरी पुरे: पडद्यावरचा प्रकाश किती, फेडर कितीवर आणि ही मोजणी शेवटची कधी झाली. परीक्षण लिहिणाऱ्यांनीही चित्रपट कोणत्या गृहात पाहिला, हे नोंदवावे. चित्रपटावर दोष ठेवण्याआधी खोलीची चौकशी करणे हाही समीक्षेचाच भाग आहे.