उष्ट्या ताटलीमागचे अद्भुत

‘द सिम्स’ या खेळातली एक उष्टी ताटली आपण जरा निरखून पाहू. जेवण आटोपले की त्या खेळातला माणूस, म्हणजे सिम, ती कधी आहे तिथेच ठेवून उठतो. आपण दुर्लक्ष केले की तिच्याभोवती माश्या घोंगावू लागतात, खोलीची कळा जाते आणि त्या खोलीत वावरणाऱ्याचे मनही हळूहळू कोमेजते. १९९१ साली ओकलंडच्या वणव्यात विल राइट यांचे घर जळाले. मोडलेला संसार पुन्हा उभा करताना घरातल्या वस्तूंविषयी जे विचार त्यांच्या मनात घोळले, त्यांतून २००० साली हा खेळ साकारला. भूक, झोप, स्वच्छता, सोबत अशा आठ गरजांवर चालणाऱ्या या जगात राक्षस मारायचा नसतो, राज्य जिंकायचे नसते. दिवस नीट पार पडावा, एवढाच पुरुषार्थ. आपल्याकडच्या भातुकलीचेही याहून वेगळे काय मागणे असते?

आणि याच घराच्या अंगणात एक विलक्षण रोप वाढते. ‘द सिम्स २’च्या २००५ साली आलेल्या ‘युनिव्हर्सिटी’ या पुरवणीतल्या या रोपाला गाईचे मुख आहे. वेळेवर खाऊ घातले तर ते मुकाट डुलत राहते. उपाशी ठेवले तर जिभेवर केकचे आमिष पुढे करते, आणि मोहाने जवळ गेलेल्याला गिळून टाकते! ही कल्पना कितीही स्वैर असो, तिच्या मुळाशी तोच गृहस्थी नियम आहे: पोटाला घातले पाहिजे. ताटलीवरच्या माश्या ज्या न्यायाने आल्या, त्याच न्यायाने हे रोप खवळते, म्हणून त्याच्यावर आपला चटकन विश्वास बसतो.

मग येतो काळदूत. काळ्या झग्यातली ही आकृती घरात शिरली, की मरणाऱ्याच्या जवळचा सिम पुढे होऊन तिची विनवणी करू शकतो, आणि ‘द सिम्स २’मध्ये मरणाऱ्याशी त्याची जवळीक जितकी दाट, तितकी प्राण परत मिळण्याची आशा अधिक. वटपौर्णिमेला वडाला सूत गुंडाळणाऱ्या आपल्या समाजाला हे दृश्य परके कसे वाटेल? इतके दिवस एकत्र जेवणे, एकमेकांची विचारपूस करणे, रुसवे काढणे, या साऱ्या सामान्य क्षणांची पुंजी इथे यमाच्या दारात कामी येते. अद्भुताच्या माथ्यावर पोचायला पायऱ्या आहेत त्या रोजच्या व्यवहाराच्याच.

अद्भुताच्या मुळाशी असे रोजचे वास्तव असते, याचा एक अविस्मरणीय दाखला खेळाबाहेर आपल्या तळोज्यानेही दिला आहे. ऑगस्ट २०१७मध्ये इथल्या औद्योगिक वसाहतीत, कासाडी नदीच्या परिसरात, निळ्या रंगाची कुत्री फिरताना दिसली. कुणा चित्रकाराने खेळात तशी रंगवली असती, तर आपण त्यांना परीकथेतली म्हटले असते. पण ती खरी होती. एका कारखान्यातला रंग त्यांच्या अंगावर चढला होता, आणि पुढे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने तो कारखाना बंद करायला लावला. रंग अद्भुत, कारण मात्र निखळ वास्तव.

या निळाईकडे पाहताना उमगते, की वास्तव दिसण्यात नसते, ते परिणामात असते. २०२५ साली आलेल्या ‘इनझोई’सारख्या खेळात त्वचेवरचा उजेड छायाचित्राइतका हुबेहूब उतरतो आणि डोळे सुखावतात, पण जगण्याची खूण पटते ती केलेल्याचे फळ समोर आल्यावर. वास्तव आणि कल्पना एकमेकींच्या सवती नव्हेत. चांगल्या खेळात त्या एकाच चुलीवर शिजतात. म्हणून जीवनाची नक्कल करणारा एखादा खेळ हाती आला, तर तो किती खरा दिसतो हे आपण नंतर पाहू. आधी पाहू, त्यात आपल्या करण्या-न करण्याने काही बदलते का.