बाण आधीं कां लपवावयाचा?

टीकाकारानें काव्य, नाटक आणि कादंबरी यांपलीकडे पाहूं नये, असा निर्बंध कोणी घातलेला आमच्या ऐकिवांत नाहीं. ज्या लेखनावर विद्यार्थ्यांची एक सबंध पिढी वाढली, तें कितीहि रुक्ष असलें तरी त्याचे गुणदोष कोणीं तरी पाहावयास हवेत. जुन्या वैयक्तिक संगणकावर प्रोग्राम लिहून माउस कसा चालवावा, हें शिकविणारा पाठ अशा लेखनांपैकीं एक होय. १९८७ सालीं निघालेल्या टर्बो सीवर बसविलेला हा पाठ आपल्याकडील कित्येक महाविद्यालयांत, ते मूळ संगणक अडगळींत गेल्यावरहि, वर्षानुवर्षें गिरविला गेला. तो आम्ही शिकलों आणि पुढें शिकविलाहि. म्हणून ह्या परीक्षणांत प्रतिवादींच्या यादींत आमचेंहि नांव आहे, हें प्रथमच सांगून टाकतों.

माउसचा इतिहास थोडक्यांत असा. अमेरिकेंत डग्लस एंगेलबार्ट यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यांनीं १९६४ च्या सुमारास लांकडी ठोकळ्यांत दोन चाकें बसवून पहिला नमुना तयार केला, आणि ९ डिसेंबर १९६८ रोजीं सॅन फ्रान्सिस्को येथें तें साधन लोकांपुढें मांडण्यांत आलें. १९८४ सालच्या मॅकिंटॉश संगणकांत माउस घरचाच होता. आयबीएमच्या १९८१ सालच्या संगणकाची गोष्ट निराळी. तेथील डॉस व्यवस्थेस माउस म्हणून कांहीं असतें याचा गंधहि नव्हता. मायक्रोसॉफ्टनें १९८३ सालीं त्यासाठीं माउस विकावयास काढला, तेव्हां तो परमुलुखांतील पाहुण्यासारखा आला आणि येतांना आपला दुभाष्या घेऊन आला. हा दुभाष्या म्हणजे ड्रायव्हर.

ह्या दुभाष्याची कामगिरी पाहिली म्हणजे रचनाकारांविषयीं आदर वाटतो. माउस आपण कोठें आहों हें कधींच सांगत नाहीं. मागच्या वर्दीपासून किती सरकलों, एवढेंच सांगतो. त्या काळचा सीरियल माउस आपली हालचाल आणि दोन कळांची स्थिति मिळून अवघ्या तीन बाइटांत कळवीत असे. ह्या तुकड्यांची बेरीज करून पडद्यावरील स्थान ठरविणें हें ड्रायव्हरचें काम. सरकण्याच्या मापास ‘मिकी’ असें नांव पडलें. तें कोणत्या उंदरावरून, हें मुलांस सांगावें लागत नाहीं. प्रोग्राम लिहिणारानें एका ठराविक दारावर, म्हणजे इंटरप्ट ३३ वर, केवळ एक क्रमांक घेऊन जावयाचें. शून्य म्हणजे माउस आहे काय तें पाहा. १ म्हणजे बाण दाखव. २ म्हणजे लपव. ३ म्हणजे बाण कोठें आहे व कोणती कळ दाबली आहे तें सांग. माउस कोणत्याहि कारखान्याचा असो, त्याचा ड्रायव्हर ही भाषा जाणत असला म्हणजे झालें. इतक्या थोड्या शब्दांत इतकें काम करून घेणारी परिभाषा विरळाच.

परंतु दुसऱ्या क्रमांकापाशीं आमचा पाठ लंगडत असे. पडद्यावर कांहींहि काढण्यापूर्वीं बाण लपवावा आणि काढून झाल्यावर पुन्हां दाखवावा, असा नियम होता. त्याचें कारण मात्र दिलेलें नव्हतें. आम्ही राहतों तें कुपवाड १९९८ सालीं सांगली-मिरजेसह एका महानगरपालिकेंत गेलें, तरी त्याची ओळख अद्यापि औद्योगिक वसाहतीचीच आहे. तेथील एका कारखान्यांत लेथवर काम करणाऱ्या गृहस्थांची मुलगी आमच्या वर्गांत होती. एकदां प्रात्यक्षिकाच्या वेळीं तिनें विचारलें, “सर, बाण आधीं कां लपवायचा? तो तर कुणाच्या वाटेंत येत नाहीं.” आम्हांस कारण ठाऊक नव्हतें. आम्हीं म्हटलें, “अगं, पुस्तकांत तसें आहे. ओळ गाळलीस तर गुण जातील.” तिनें निमूटपणें ओळ लिहिली. त्यानंतर वर्षभरांत तिनें आम्हांस एकहि प्रश्न विचारला नाहीं. तिच्या वडिलांनीं नव्या पोरास लेथ शिकवितांना ‘पुस्तकांत आहे’ असें खास म्हटलें नसेल. हात कोठें ठेवला असतां बोट जाईल, हें त्यांनीं दाखवूनच दिलें असेल.

कारण आम्हांस पुढें उमगलें, तें असें. बाण काढावयाचा तेथील सोळा ठिपके रुंद व सोळा ठिपके उंच एवढा चित्राचा तुकडा ड्रायव्हर आधीं उचलून जपून ठेवतो आणि त्या जागीं बाण रंगवितो. बाण हलला कीं ती ठेव जशीच्या तशी परत करतो. आतां बाण तेथें असतांनाच प्रोग्रामनें त्याच जागेवरून रेघ ओढली, तर ड्रायव्हरला तिची वार्ता नसते. बाण हलतो, जुना तुकडा पूर्ववत् येऊन बसतो, आणि रेघेस भोंक पडतें. विष्णुदास भाव्यांनीं १८४३ सालीं ‘सीतास्वयंवर’ ज्या सांगलींत रंगभूमीवर आणलें, तेथील मुलीस हें समजाविणें काय कठीण होतें? नट उभा असतांना त्याच्या मागचा पडदा रंगवूं नये, एवढें म्हटलें असतें तरी पुरतें. दोनदां लपविलेला बाण दोनदां दाखवावा लागतो, ह्या चमत्कारिक नियमाचेंहि असेंच. एका कामाच्या पोटांत दुसरें काम चाललें असतां आंतल्यानें बाण अकालीं बाहेर काढूं नये, म्हणून ड्रायव्हर लपविण्याची मोजदाद ठेवतो.

दोष सर्वस्वीं पाठाचा नव्हे. बाणाची राखण प्रत्येक प्रोग्राम लिहिणारावर सोंपविणें ही मूळ रचनेचीच उणीव होती. पुढें विंडोजनें तो भार स्वतःकडे घेतला आणि हा नियम निरुपयोगी झाला. मग मेलेल्या नियमाचें श्राद्ध कशास, असें कोणी विचारील. आमचें उत्तर असें कीं, नियम गेला, पण कारण गाळून नियम शिकविण्याची खोड गेली नाहीं. मराठींत शास्त्रीय लेखन करावयाचें तें केवळ इंग्रजी शब्दांस प्रतिशब्द शोधण्यासाठीं नव्हे. माउसला माउसच म्हणावें. त्यानें कांहीं बिघडत नाहीं. मुलांना जें ‘कां’ घरच्या भाषेंत सुचतें, त्याचें उत्तर त्याच भाषेंत मिळावें, हा खरा हेतु.

पुढील वर्षांत तो प्रश्न कोणीं केला म्हणजे आम्ही उत्तर देत नसूं. लपविण्याची ओळ खोडावयास सांगत असूं, बाण हलवावयास सांगत असूं, आणि रेघेंतलें भोंक विचारणारास स्वतः पाहूं देत असूं. त्या मुलीस मात्र उत्तर द्यावयाचें राहूनच गेलें. म्हणून तें येथें लिहिलें.