'कॅन्सर वॉर्ड'मधील न बोलणारी माणसे

अलेक्झांडर सोल्झेनित्सिन यांची 'कॅन्सर वॉर्ड' ही कादंबरी स्टॅलिन, तुरुंग, हुकूमशाही अशा मोठ्या शब्दांच्या आधाराने वाचण्याची रीत आहे. त्यात गैर काही नाही. १९६८ मध्ये ती परदेशात निघाली, मायदेशी छापून यायला १९९० उजाडले. परंतु आम्हाला ती सर्वांत आधी दवाखान्याची कादंबरी वाटते. लेखक स्वतः १९५४ मध्ये ताश्कंदच्या इस्पितळात कॅन्सरचा रुग्ण होता. कादंबरीतील काळ १९५५ चा, शहराचे नाव दिलेले नाही. मुलूख मात्र उझबेकांचा, म्हणजे मुसलमानांचा. आपल्या वाचकांनी ती या अंगाने वाचावी, म्हणून हा लेखप्रपंच.

आमच्या मराठी मुस्लिम कथेत दवाखाना बहुधा शेवटच्या पानावर येतो. सलाईनची बाटली, कलमा, पांढरी चादर, की कथा संपली. उर्दूत मुश्ताक अहमद युसुफी यांनी 'चिराग तले' (१९६१) मध्ये इयादतीला येणाऱ्यांची यथेच्छ थट्टा केली आहे. मराठीत पद्मजा फाटक यांनी 'हसरी किडनी'त मूत्रपिंडाच्या आजारपणाकडे हसतमुखाने पाहिले. पण उपचार महिनोन्महिने चालू आहेत, माणूस मरतही नाही आणि घरीही जात नाही, त्या मधल्या दिवसांत तो स्वतःला कसा सांभाळतो? या प्रश्नाला सोल्झेनित्सिनइतका वेळ फारच थोड्यांनी दिला आहे.

कोस्तोग्लोतोव्ह हा हद्दपारीत राहणारा माणूस जवळजवळ मेलेला येतो. त्याच्या पोटावर शाईच्या रेघा मारून भाग पाडले जातात आणि रोज त्यांवर क्ष-किरण सोडले जातात. बरे वाटू लागताच तो विचारू लागतो. हे किती दिवस? पुढे काय होणार? झोया या परिचारिकेकडून तो वैद्यकाचे पुस्तक मिळवून वाचतो. डॉक्टर दोन्त्सोवा हुशार आहे, रुग्णांसाठी झिजते, पण रुग्णाला सगळे सांगावे हे तिला मान्य नाही. त्याला देणार असलेल्या इंजेक्शनांनी पुरुषत्वावर काय परिणाम होईल, हे त्याला झोयाकडून कळते. या दोघांची हुज्जत हा कादंबरीचा कणा आहे, असे आमचे मत. तिथे कोणीही खलनायक नाही, म्हणूनच ती हुज्जत खरी वाटते.

दुसरा आधार गप्पांचा. जिभेच्या कॅन्सरचा रुग्ण येफ्रेम टॉलस्टॉयचे एक छोटे पुस्तक वाचतो आणि माणसे कशाच्या बळावर जगतात, हे एकेकाला विचारत सुटतो. कोणी हवा-पाणी सांगतो, कोणी पगार, कोणी शिधा. सिबगातोव्ह हा तातार तरुण सांगतो, आपल्या मातीच्या. १९४४ मध्ये क्रिमियातील तातारांना घरादारातून उचलून उझबेकिस्तानकडे पाठवले गेले होते. ते ध्यानात ठेवून वाचले, की हे साधे उत्तर किती जड आहे ते कळते. वॉर्डातील सर्वांत सौम्य माणूस हाच, आणि त्याची खाट वॉर्डाबाहेर जिन्याजवळ.

आता आमची तक्रार. त्याच वॉर्डात टोपी घातलेला वृद्ध मुर्सलिमोव्ह आहे. येगेनबेर्दियेव्ह हा कझाक मेंढपाळ आहे, घरच्या सतरंजीवर बसावे तसा खाटेवर मांडी घालून बसलेला. दोघे जवळजवळ बोलतच नाहीत. हुज्जत, पुस्तक, प्रश्न, सगळे रशियनमध्ये चालते. ज्यांचा हा मुलूख, त्यांच्याच वाट्याला मुकेपण. रशियनमध्ये मोकळेपणाने बोलणारा उझबेक म्हणजे तरुण अहमदजान, आणि तो शेवटी कैद्यांच्या छावणीवरचा पहारेकरी निघतो! लेखकाने हे जाणूनबुजून केले असे आम्ही म्हणत नाही. कोस्तोग्लोतोव्हच्या डोळ्यांना जेवढे दिसले, तेवढे त्याने लिहिले. पण रुग्णाने विचारावे, असे सांगणाऱ्या कादंबरीत ज्याला विचारायला भाषाच नाही त्याचे काय?

हा प्रश्न आम्हाला पुस्तकातून सुचलेला नाही. आमच्या मोठ्या खालांना एका मोठ्या शहरातल्या इस्पितळात पाच आठवडे 'लाईट' दिली जात होती. छातीवर अशाच शाईच्या खुणा. खुणा पुसू नका, एवढेच त्यांना सांगितले गेले. मग गुस्ल कसा करायचा? हा त्यांचा प्रश्न मरणाचा नव्हता, उपचाराचाही नव्हता, पण त्यांची रात्रीची झोप त्यानेच उडवली होती. त्यांची बोली दखनी, समोरच्या तरुण डॉक्टरांची इंग्रजी, मधूनमधून घाईची हिंदी. खाला प्रत्येक वाक्याला "हौ हौ" म्हणत आणि डॉक्टर लिहीत की रुग्णाला सर्व समजले आहे. अखेर एका आयाबाईने त्यांना सांगितले की न चोळता हलक्या हाताने पाणी सोडायला हरकत नाही, डॉक्टरांना तेवढे विचारून घ्या. विचारायला आम्ही गेलो. अर्ध्या मिनिटात होकार मिळाला.

वर्गात आम्ही पाहतो, उर्दूत घडाघडा बोलणारे मूल दुसऱ्या भाषेच्या तासाला मान हलवत बसते. त्याला समजले असे मानणारा शिक्षक वेळ वाचवतो. दोन्त्सोवाबाई मुर्सलिमोव्हपाशी तसाच वेळ वाचवत असतील काय, हे कादंबरी आपल्याला कळू देत नाही. आपल्या लेखकांनी ते कळू द्यावे. खालांसारख्या बाईचे पाच आठवडे हा एका कथेचा ऐवज आहे, आणि ती कथा शेवटच्या पानावरच्या कलम्याशिवाय लिहिता येईल. आमच्या खाला आज घरी आहेत, सुनांवर आवाज चढवतात.

शेवटी कोस्तोग्लोतोव्ह इस्पितळातून सुटतो. वसंताचे दिवस आहेत. जुन्या शहरातील चहाखान्याच्या सज्जात बसून तो गुलाबी फुललेले जर्दाळूचे झाड पाहतो, हळूहळू चहा पितो. कादंबरीतील ही पाने आम्हाला सर्वांत आवडतात. हा चहाखाना मुर्सलिमोव्हच्या लोकांचा आहे. त्या झाडापुढे लेखक जितका वेळ थांबला आहे, त्याच्या निम्मा वेळ म्हाताऱ्याच्या खाटेशी थांबता, तर तो काय बोलला असता ते आम्हाला ऐकायचे होते.