अंदाज, पुरावा आणि ‘तलवार’: एका चित्रपटाचे टीकात्मक वाचन

या टिपणात आपण ‘तलवार’ या २०१५ च्या हिंदी चित्रपटाकडे पाहणार आहोत. दिग्दर्शन मेघना गुलजार यांचे, लेखन विशाल भारद्वाज यांचे. चित्रपटाचा विषय म्हणजे नोएडातील आरुषी-हेमराज प्रकरण. चित्रपट चांगला आहे की वाईट, एवढाच प्रश्न इथे नाही. गुन्ह्याच्या बातमीवर आपण सगळे जे अंदाज बांधतो, त्या सवयीवर हा चित्रपट टीका करतो, आणि ती टीका करताना स्वतः त्याच सवयीत सापडतो का, हे तपासायचे आहे.

मी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो. चित्रपटाचा किंवा कायद्याचा अभ्यासक नाही. पण उत्तर आणि उत्तरापर्यंतच्या पायऱ्या यांतला फरक तपासणे हे माझे रोजचे काम आहे. तेवढ्या अधिकाराने हे लिहितो.

१. मुनिरक्यातील दोन दिवस

मे २००८ मध्ये मी दिल्लीत मुनिरका गावात भाड्याच्या खोलीत राहत होतो. अरुंद गल्ल्या, एकाला एक चिकटलेल्या चार-पाच मजली इमारती, जवळच जेएनयू. भाडेकरूंत विद्यार्थी, नर्स, ड्रायव्हर, सुरक्षारक्षक, घरकाम करणारे. १६ मे रोजी सकाळी नोएडाच्या जलवायू विहारमध्ये १३ वर्षांच्या आरुषी तलवारचा मृतदेह तिच्या खोलीत सापडला. घरात राहणारा ४५ वर्षांचा नेपाळी नोकर हेमराज बेपत्ता होता. दुपारपर्यंत सगळ्या वाहिन्यांवर एकच निष्कर्ष होता: नोकराने खून केला आणि पळाला. पोलिसांनी त्याच्यावर बक्षीसही लावले.

त्या संध्याकाळी आमच्या गल्लीतल्या नेपाळी चौकीदाराला चार जणांनी अडवून ओळखपत्र मागितले. घरमालक मला म्हणाले, “मास्टरजी, या लोकांवर विश्वास ठेवायचे दिवस राहिले नाहीत.” मी मान हलवली.

१७ मे रोजी हेमराजचा मृतदेह त्याच इमारतीच्या गच्चीवर सापडला. गच्चीच्या दाराला कुलूप होते आणि आदल्या दिवशी ते कुणी उघडलेच नव्हते. संशयित म्हणून ज्याला सगळे शोधत होते, तो स्वतःच मारला गेला होता. त्या चौकीदाराची माफी गल्लीत कुणी मागितली नाही. मीही नाही.

पुढच्या आठवड्यात गल्लीचा अंदाज फिरला. आता आई-वडील. २३ मे रोजी वडील डॉ. राजेश तलवार यांना अटक झाली आणि पोलिसांनी पत्रकार परिषदेत त्या मुलीच्या चारित्र्याविषयी व वडिलांच्या कथित संबंधांविषयी गोष्ट सांगितली. आमच्या स्टाफरूममध्ये चर्चा अशी की, शेजारच्या खोलीत दोन खून होतात आणि आई-वडिलांना ऐकू कसे येत नाही? एअर कंडिशनर चालू होता म्हणे! मी कागदावर डेसिबलचे गणितही मांडून दाखवले. ती खोली मी पाहिली नव्हती, भिंतीची जाडी माहीत नव्हती, यंत्र कोणते ते माहीत नव्हते. तरी उत्तर काढले, आणि सहकाऱ्यांनी ते मानले, कारण मी ते सूत्र लिहून मांडले होते. या टिपणाचे खरे कारण तो कागद आहे.

२. प्रकरणाचा क्रम

चित्रपट समजण्यासाठी क्रम लक्षात ठेवा.

• जून २००८ च्या सुरुवातीला तपास सीबीआयकडे गेला. पहिल्या पथकाने डॉ. तलवार यांच्या दवाखान्यातील मदतनीस आणि ओळखीतले दोन घरगडी अशा तीन तरुणांना पकडले. डॉ. तलवार जुलैत सुटले. त्या तिघांविरुद्ध आरोपपत्र दाखल झाले नाही व सप्टेंबरमध्ये तेही सुटले.
• २००९ मध्ये सीबीआयचे पथक बदलले. २९ डिसेंबर २०१० रोजी तपास बंद करण्याचा अहवाल दिला गेला: संशय वडिलांवर, पण पुरावा अपुरा.
• फेब्रुवारी २०११ मध्ये गाझियाबादच्या न्यायालयाने तो अहवाल नाकारला आणि आई-वडील दोघांवर खटला चालवण्याचा आदेश दिला.
• २५ नोव्हेंबर २०१३ रोजी दोघे दोषी ठरले. दुसऱ्या दिवशी जन्मठेप.
• १२ ऑक्टोबर २०१७ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने दोघांची निर्दोष मुक्तता केली. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सीबीआयचे अपील दाखल करून घेतले.

आता तारीख जुळवून पाहा. ‘तलवार’ ऑक्टोबर २०१५ मध्ये प्रदर्शित झाला. म्हणजे शिक्षा झाली होती, आई-वडील तुरुंगात होते आणि अपील प्रलंबित होते.

३. चित्रपट काय नीट करतो

नावे बदलली आहेत. आरुषीची श्रुती होते, हेमराजचा खेमपाल, सीबीआयचे सीडीआय. (प्रत्यक्ष पत्रकार परिषदेतही पोलीस अधिकाऱ्याला मुलीचे नाव धड घेता येत नव्हते, हे आठवले की अंगावर काटा येतो.) एकच रात्र वेगवेगळ्या तपासकर्त्यांच्या सांगण्याप्रमाणे पुन्हा पुन्हा दाखवली जाते. घर तेच, माणसे तीच, गोष्ट वेगळी.

पहिले बलस्थान म्हणजे घटनास्थळाचे चित्रण. घरात शेजारी, नातेवाईक, पत्रकार, पोलीस सगळे फिरत आहेत, वस्तूंना हात लावत आहेत. पुरावा हा हेतुपुरस्सर नष्ट केला जातो असे आपल्याला वाटते. इथे दिसते की तो बहुधा आळसाने नष्ट होतो. प्रयोगशाळेत मापन सुरू करण्याआधीच नमुना खराब झाला, तर नंतरच्या कोणत्याही सूत्राने तो दुरुस्त होत नाही. हे इतक्या स्वच्छपणे सांगणारे पाठ्यपुस्तक मी वाचलेले नाही.

दुसरे बलस्थान म्हणजे शेवटाकडची लांबलचक बैठक. दोन पथके एकमेकांसमोर आपापली उपपत्ती मांडतात. हसू येते, आणि हसता हसता कळते की उपलब्ध वस्तू त्याच असताना दोन पूर्ण गोष्टी उभ्या राहू शकतात.

४. चित्रपट कुठे घसरतो

दोन गोष्टी उभ्या राहतात, पण त्यांना वागणूक सारखी मिळत नाही. नोकरांवर संशय घेणारा अधिकारी म्हणजे इरफान खान. त्याला संसार आहे, थकवा आहे, विनोदबुद्धी आहे. आई-वडिलांवर संशय घेणारे पथक बरेचसे हास्यास्पद आहे. प्रेक्षक कुणाच्या बाजूने बाहेर पडेल, हे पुराव्याने नव्हे, पात्ररचनेने ठरते.

‘पण आई-वडिलांवर अन्याय झाला होता, मग त्यांची बाजू घेतली तर चुकले काय?’ असे तुम्ही विचाराल. प्रश्न रास्त आहे. सगळ्या वाहिन्या एका बाजूला असताना दुसरी बाजू मांडायला धैर्य लागते आणि ते या चित्रपटात आहे. पण दुसरी बाजू मांडणे म्हणजे आधीच्या गोष्टीतल्या फटी दाखवणे. चित्रपट त्यापुढे जातो. तो फटी दाखवून थांबत नाही, रिकाम्या झालेल्या जागी दुसरे खुनी बसवतो आणि त्यांना खून करताना पडद्यावर दाखवतो.

ज्या तिघांवरून ती पात्रे घेतली आहेत, त्यांच्यावर कधी खटलाच चालला नाही. त्यांच्या बेशुद्धावस्थेतील नार्को चाचणीच्या चित्रफिती वाहिन्यांवर झळकल्या होत्या. पुढे ५ मे २०१० रोजी ‘सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य’ या निकालात सर्वोच्च न्यायालयाने संमतीशिवाय अशा चाचण्या करणे घटनाबाह्य ठरवले. आई-वडिलांना निदान शेकडो पानांचा निकाल मिळाला, ज्यात त्यांच्याविरुद्धचा प्रत्येक मुद्दा तपासला गेला. या तिघांना खटला नाही, म्हणून निर्दोष मुक्तताही नाही. त्यांच्यावरचा अंदाज कुठल्याच न्यायालयाने पुसला नाही, आणि चित्रपटाने तो लाखो लोकांपुढे नव्याने रंगवला. गरीब माणसावरचा संशय वकिलाशिवाय जन्मभर टिकतो.

आणि हेमराज? पहिल्या दिवशी खुनी, दुसऱ्या दिवशी मृतदेह, नंतर आरुषीच्या बदनामीच्या गोष्टीतले एक पात्र. चित्रपटातही तो तेवढाच आहे. लोक अजून ‘आरुषी केस’ म्हणतात. खून दोन झाले होते.

५. न्यायालयाची मोजपट्टी

प्रत्यक्ष साक्षीदार नसेल तर केवळ परिस्थितीजन्य पुराव्यावर शिक्षा कधी देता येते? याचे उत्तर महाराष्ट्रातून गेलेल्या एका खटल्यात आहे. पुण्यातील एका विवाहितेच्या मृत्यूविषयीचा ‘शरद बिर्धीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ हा १९८४ चा निकाल. त्यातील पाच कसोट्या सोप्या भाषेत अशा:

(अ) ज्या परिस्थितीवरून निष्कर्ष काढायचा, ती आधी पूर्णपणे सिद्ध झाली पाहिजे. ‘असेल’ चालत नाही.
(आ) ती केवळ अपराधाशीच जुळली पाहिजे.
(इ) ती निर्णायक स्वरूपाची पाहिजे.
(ई) तिने इतर सर्व शक्यता वगळल्या पाहिजेत.
(उ) पुराव्याची साखळी इतकी पूर्ण पाहिजे, की निर्दोषत्वाला वाजवी आधार उरता कामा नये.

माझा डेसिबलचा कागद पहिल्याच कसोटीत नापास होतो. चित्रपटातील नोकरांची गोष्ट चौथ्या कसोटीत.

२०१७ च्या निकालात अलाहाबाद उच्च न्यायालयाने खालच्या न्यायाधीशांवर टीका करताना म्हटले की त्यांनी गणिताच्या शिक्षकासारखे काही आकडे गृहीत धरून उदाहरण सोडवले, आणि विखुरलेल्या घटनांना चित्रपट दिग्दर्शकासारखा एक आकार दिला. हे वाचून मी दोनदा ओशाळलो: एकदा शिक्षक म्हणून, एकदा प्रेक्षक म्हणून.

६. अंदाज बरोबर निघाला तर?

सर्वांत अवघड प्रश्न हा आहे. अमेरिकेतील साउथ कॅरोलायना राज्यातले नामांकित वकील अ‍ॅलेक्स मर्डॉ यांचे उदाहरण घ्या. ७ जून २०२१ रोजी त्यांची पत्नी आणि धाकटा मुलगा यांची गोळ्या घालून हत्या झाली. मग बाहेर आले की वकीलसाहेबांना वेदनाशामक ओपिऑइड गोळ्यांचे व्यसन होते आणि त्यांनी अशिलांचे लाखो डॉलर लाटले होते. लोकांनी लगेच जुने मृत्यूही जोडले: घरातली मोलकरीण २०१८ मध्ये पडून वारली ते, २०१५ मध्ये रस्त्यावर एक तरुण मृत सापडला ते. मार्च २०२३ मध्ये ज्युरीने दोन्ही खुनांत मर्डॉ यांना दोषी ठरवले.

म्हणजे लोकांचा अंदाज खरा ठरला? नीट पाहा. खटला व्यसनावर उभा नव्हता. मुलाच्या मोबाइलमधील एका चित्रफितीत, कुत्र्यांच्या खुराड्यापाशी, खुनांच्या काही मिनिटे आधी वडिलांचा आवाज होता, आणि आपण तिथे नव्हतोच असे ते तपासकर्त्यांना सांगत आले होते. न्यायालयात त्यांना खोटे बोलल्याचे कबूल करावे लागले. खुनाचा आरोप मात्र त्यांनी नाकारला. ही पायरी होती. ‘व्यसनी आहे, चोर आहे, म्हणजे खुनीही असणार’ ही पायरी नव्हे. मोलकरणीच्या मुलांना मिळायचे विम्याचे पैसे त्यांनी लाटले, हे त्यांनी कबूल केले. तिच्या खुनाचा आरोप त्यांच्यावर ठेवला गेला नाही. एक पाप सिद्ध झाले म्हणून दुसरे आपोआप सिद्ध होत नाही.

आपल्याकडे २०२० मध्ये सुशांतसिंह राजपूत प्रकरणात हीच उडी उलट्या बाजूने मारली गेली. अमली पदार्थांच्या चर्चेवरून एका तरुणीला वाहिन्यांनी महिनोन्महिने खुनी ठरवले. मार्च २०२५ मध्ये सीबीआयने तपास बंद करण्याचा अहवाल दिला. मधल्या काळात, १८ जानेवारी २०२१ रोजी, मुंबई उच्च न्यायालयाने तपास चालू असताना माध्यमांनी काय टाळावे याची सूचनावली घालून दिली होती.

तुमच्या परीक्षेत पायऱ्या चुकीच्या आणि उत्तर बरोबर आले, तर मी गुण देत नाही. तुम्ही भांडता. मी सांगतो की उद्या त्याच पायऱ्यांनी तुम्ही पूल बांधाल. बरोबर निघालेला अंदाज घातक असतो, कारण तो पुढच्या चुकीच्या अंदाजाला हिंमत देतो.

७. समारोप

‘तलवार’ जरूर पाहा. पाहताना वहीत तीन रकाने करा: ‘सिद्ध’, ‘कुणीतरी म्हटले’ आणि ‘मी जोडले’. चित्रपट संपल्यावर तिसरा रकाना मोजा. माझ्या वहीत तो सगळ्यात लांब होता. आपल्याला उत्तर माहीत नाही असे म्हणून थांबता येणे, ही या चित्रपटाकडून मला हवी असलेली गोष्ट होती. ती त्याने अर्धीच दिली. उरलेली अर्धी आपल्यालाच करायची आहे.

मी अजून मुनिरक्यातच राहतो. गल्लीत आता कॅमेरे आहेत, चौकीदार बदलला आहे. नव्या चौकीदाराचे नाव मी पहिल्याच दिवशी विचारून घेतले.

विचारासाठी प्रश्न

१. चित्रपटात दोन उपपत्तींना मिळालेल्या वागणुकीतील फरक दाखवणारे दोन प्रसंग निवडा. तो फरक पुराव्यामुळे आहे की पात्ररचनेमुळे?
२. सारडा निकालातील पाच कसोट्यांपैकी एक घ्या आणि तुमच्या प्रयोगवहीतील एखाद्या निष्कर्षाला लावा. निष्कर्ष टिकतो का?
३. ज्याच्यावर खटलाच चालला नाही, अशा माणसाचे नाव कोण आणि कसे पुसणार? तुमचे मत १५० शब्दांत लिहा.
४. गेल्या महिन्यात तुम्ही कुणाविषयी तरी पुराव्याशिवाय बांधलेला एक अंदाज आठवा. तो कुणाला सांगितला होता? ते वहीत लिहा. दाखवायची गरज नाही.