नील नदीचा उगम व पुराणांची साक्ष

नील नदीचा उगम आमच्या पुराणकारांस ठाऊक होता, आणि स्पीक नांवाच्या इंग्रज प्रवाशानें पुराणांतील वर्णनाच्या आधारानेंच तो शोधून काढिला, असें विधान आमच्याकडील व्याख्यानांतून व लेखांतून वारंवार केलें जातें. विधान करणारे बहुधा स्पीकच्या प्रवासवृत्ताचा हवाला देतात. त्यांतील अधिक व्यासंगी असतील ते 'एशियाटिक रिसर्चेस'च्या तिसऱ्या खंडाचेंही नांव घेतात. परंतु त्याच मालिकेचा आठवा खंड उघडून पाहण्याची तसदी क्वचितच कोणी घेतो. परकीयाच्या तोंडून आलेली आपली स्तुति गोड लागते हें खरें. तथापि साक्षीदार आपल्या बाजूचा आहे एवढ्यावरून त्याची उलटतपासणी टाळतां येत नाहीं. सबब या विधानामागील पुराव्याची सांखळी येथें दुव्यादुव्यानें तपासण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम कालानुक्रम पाहूं. स्पीक हा बंगालच्या फौजेंतील अधिकारी. ज्या विस्तीर्ण सरोवरास त्यानें पुढें व्हिक्टोरिया हें नांव दिलें, तें त्याच्या दृष्टीस प्रथम पडलें ३ ऑगस्ट १८५८ रोजीं. आणि नील तेथूनच निघत असावी हा तर्क त्यानें त्याच वेळीं बांधिला. पुढें १८६० सालीं तो दुसऱ्या मोहिमेसाठीं झांजीबारास उतरला, तेव्हां तेथील इंग्रज वकील कर्नल रिग्बी यानें त्यास एक निबंध व सोबतचा नकाशा दिला. निबंध विल्फर्ड नामक गृहस्थाचा असून तो हिंदूंच्या पुराणांवरून लिहिलेला आहे, अशी नोंद स्पीकनें १८६३ सालच्या आपल्या ग्रंथांत केली आहे. त्या नकाशांत नीलेच्या उगमाशीं 'अमर' सरोवर व 'सोमगिरि' पाहून तो चकित झाला. कारण सरोवराच्या ईशान्येस अमारा नांवाचा प्रदेश असल्याचें त्यानें ऐकिलें होतें. यावरून प्राचीन हिंदूंचें त्या प्रदेशाशीं दळणवळण असलें पाहिजे, असें अनुमान त्यानें काढिलें. २८ जुलै १८६२ रोजीं, जेथून नील सरोवराबाहेर पडते त्या धबधब्यावर तो पोहोंचला. सारांश, सरोवर दिसलें आधीं, कागद हातीं आला दोन वर्षांनंतर. पुराणांनीं स्पीकला वाट दाखविली हें म्हणणें त्याच्याच ग्रंथावरून टिकत नाहीं. फार तर एवढेंच म्हणतां येईल कीं, आपला आधींचा तर्क दृढ करणारा एक कागद त्यास मिळाला.

आतां त्या कागदाकडे वळूं. फ्रान्सिस विल्फर्ड हा मूळचा हानोव्हरचा. १७८१ सालीं तो हिंदुस्थानांत आला, मोजणीखात्यांत काम करून १७८८ पासून काशीस राहिला, व १८२२ सालीं तेथेंच वारला. १७९२ सालच्या तिसऱ्या खंडांत त्यानें इजिप्त व काली नदीच्या, म्हणजे त्याच्या मतें नीलेच्या, आसपासचे देश यांवर विस्तृत निबंध प्रसिद्ध केला. त्यांत कुशद्वीप म्हणजे बायबलांतील कुशाच्या वंशाचा देश, शंखद्वीप म्हणजे आफ्रिका, मिश्रस्थान म्हणजे मिसर, अशी जुळणी असून पुराणवचनांचे आधार पानोपानीं दिले होते. सत्यवर्मा राजास शर्म, चर्म व ज्यापति असे तीन पुत्र होते ही कथाही त्यांतच आहे. ती वाचतांच नोहा व त्याचे तीन पुत्र कोणासही आठवावेत. सर विल्यम जोन्ससारखा संस्कृतज्ञ प्रथम साशंक होता. परंतु विल्फर्डनें पाठविलेल्या पोथ्यांतील उतारे स्वतः वाचून पाहिल्यावर त्यानें निबंधाच्या अखेरीस आपली अनुकूल साक्ष नोंदविली. एवढ्या मोठ्या नांवाचा शिक्का बसल्यावर युरोपांत शंका कोण घेणार? जोन्स १७९४ सालीं वारला. पुढचा प्रकार पाहण्यास तो राहिला नाहीं.

तो प्रकार विल्फर्डनेंच १८०५ सालच्या आठव्या खंडांत सांगितला आहे. पश्चिमेकडील पवित्र द्वीपांवर तो नवा निबंध लिहीत होता. श्वेतद्वीप म्हणजेच ब्रिटन, असा त्याचा सिद्धान्त. छपाईपूर्वीं आधारवचनें मूळ पोथ्यांशीं ताडून पाहतां त्याच्या ध्यानांत आलें कीं, जेथें जेथें श्वेतद्वीप हें नांव येतें तेथें तेथें अक्षर किंचित् निराळें दिसतें व कागदाचा रंगही डाग पडल्यासारखा पालटलेला आहे. पान उजेडासमोर धरतांच खाडाखोड स्पष्ट झाली. मूळ शब्द खरवडून, वर खळ लावून, नवें नांव लिहिलेलें होतें. कांहीं ठिकाणीं तर जुना शब्द अद्याप वाचतां येत होता. लागलीच त्यानें इजिप्तवरील जुन्या निबंधाचीं मूळ वचनें काढून पाहिलीं, तों तेथेंही तीच लबाडी, तीच खरवड! स्पीकच्या हातीं पडलेला निबंध तो हाच, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

लबाडीचे तीन प्रकार विल्फर्डनें दिले आहेत. पहिल्यांत एकदोन शब्द पालटलेले. दुसऱ्यांत कथेचाच बराच भाग फिरविलेला. तिसऱ्यांत सबंध कथा नव्यानें रचलेली. या नव्या रचनेचा आंकडा तो सुमारें १२,००० श्लोक इतका देतो. स्कंदपुराणासारख्या ग्रंथाचे खंड व माहात्म्यें सुटीं सुटीं फिरतात. अशा ठिकाणीं चार अध्याय घालून अखेरीस रीतसर समाप्तिवाक्य लिहिलें, म्हणजे सहसा संशय येत नाहीं. पंडितास जाब विचारला तेव्हां तो संतापानें शिव्याशाप देऊं लागला, आणि वचनें अस्सल आहेत अशी शपथ वाहण्यास त्यानें दहा ब्राह्मण आणून उभे केले. विल्फर्डनें त्यांची कानउघाडणी केली व शपथ घेऊं दिली नाहीं. कारणही त्यानें दिलें आहे: उतारे काढण्यासाठीं मदतनीस व लेखक नेमण्याकरितां दिलेला पैसा पंडितानें स्वतःच गिळंकृत केला, मग एवढ्या ग्रंथांचा शोध एकट्याच्यानें होईना, तेव्हां शोधण्यापेक्षां रचणें त्यास सोपें वाटलें.

येथें दोष कोणाचा, हा प्रश्न उपस्थित होतो. पंडिताचा अपराध उघड आहे व त्याचें समर्थन करण्याची आमची इच्छा नाहीं. परंतु सर्व ठपका त्याच्या माथीं मारून मोकळें होणें न्याय्य नव्हे. विषय कोणीं ठरविले? कोणत्या नांवाची वचनें पाहिजेत, हें कोणीं सांगितलें? पुढें १८७० सालच्या एका व्याख्यानांत मॅक्समुल्लरनें ही हकीकत सांगतांना याच गोष्टीवर बोट ठेविलें आहे: जें हवें तें पुनःपुन्हां मागितलें, म्हणजे अखेर तें पुढें येतें. धनी ज्याची वाट पाहतो आहे तेंच उत्तर चाकरानें आणून दिलें. यांत धन्याची फसवणूक झाली खरी, पण फसवणुकीचा आराखडा धन्यानेंच काढून दिला होता. याहून आश्चर्य हें कीं, आपला आधार ढांसळल्याचें जाहीर करूनही विल्फर्डनें श्वेतद्वीपाचा सिद्धान्त सोडला नाहीं; त्याच विषयावर तो पुढें लिहीतच राहिला. आपल्या चुकीची अशी उघड कबुली देणारे संशोधक विरळा, हें श्रेय त्यास दिलेंच पाहिजे; परंतु त्या कबुलीपासून तो स्वतःच कांहीं शिकला नाहीं, हेंही तितकेंच खरें.

आतां हे श्लोक बाजूस ठेवून खऱ्या भुवनकोशांत काय आहे तें पाहूं. विष्णुपुराणाच्या दुसऱ्या अंशांत जंबू, प्लक्ष, शाल्मल, कुश, क्रौंच, शाक व पुष्कर अशीं सात द्वीपें सांगितलीं आहेत. तीं वलयाकार असून प्रत्येकाचा विस्तार मागच्याच्या दुप्पट आहे. कुशद्वीपाभोंवतीं तुपाचा समुद्र आहे! अशा वलयास नकाशांत आफ्रिकेच्या जागीं बसविणें म्हणजे ग्रंथाची रचनाच मोडणें होय. नील म्हणाल तर तो मेरूच्या उत्तरेकडील पर्वत; नील, श्वेत व शृंगी अशी ती त्रयी आहे. तेथें नदीचा संबंधच नाहीं. श्वेतद्वीप महाभारताच्या नारायणीय आख्यानांत येतें, तें क्षीरसागराच्या उत्तरेस. उलट त्याच विष्णुपुराणांत भारतवर्षाच्या नद्या त्यांच्या पर्वतांसह दिल्या आहेत. गोदावरी, भीमरथी व कृष्णवेणी सह्यपर्वताच्या पायथ्याशीं उगम पावतात, असें तेथें म्हटलें आहे, व तें यथार्थ आहे. पुराणकारांचें सामर्थ्य व मर्यादा यांवरून एकदम स्पष्ट होतात. जें पायाखालचें होतें तें त्यांनीं नेमकें सांगितलें. जें दूरचें होतें तें सृष्टीच्या एका भव्य कल्पनेंत बसविलें. त्या कल्पनेस भूगोलाचें पुस्तक ठरविणें हा तिचा गौरव नसून अवमान आहे.

नामसादृश्याचेंही तसेंच. संस्कृतांत 'मिश्र' म्हणजे मिसळलेलें; 'मिसर' हें सेमिटिक भाषाकुलांतील जुनें देशनाम. अरबी 'नील' हें ग्रीक 'नाइलोस'वरून आलेलें. आणि खुद्द प्राचीन इजिप्तचे लोक आपल्या नदीस निराळ्याच शब्दानें संबोधीत. दोन शब्द कानास सारखे लागले एवढ्यावरून नातें जुळत नाहीं, हें निरुक्ताचा पहिला पाठ घेतलेल्या विद्यार्थ्यासही सांगावें लागूं नये.

मग सोमगिरि व अमर हीं नांवें आलीं कोठून? चंद्रपर्वतांवरील बर्फाच्या पाण्यानें भरलेल्या सरोवरांतून नील निघते, हें इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांतील टॉलेमीनें लिहून ठेविलें आहे. अबिसीनियांतील अमारा पर्वताचें वर्णन युरोपीय ग्रंथांत सतराव्या शतकापासून प्रसिद्ध होतें. त्याच देशांत निळ्या नीलेच्या उगमापर्यंत १७७० सालीं गेलेल्या जेम्स ब्रूसचा ग्रंथ १७९० सालीं निघाला, म्हणजे विल्फर्डच्या निबंधाच्या दोनच वर्षें आधीं. टॉलेमी व ब्रूस हे दोघेही विल्फर्डच्या वाचनांतले. तेव्हां आमच्या मतें प्रवास असा झाला: ग्रीकांची माहिती युरोपांत गेली, तेथून विल्फर्डच्या प्रश्नांत उतरली, प्रश्नांतून काशीच्या पोथीत शिरली, पोथीतून कलकत्त्यास छापली गेली, झांजीबारास स्पीकच्या हातीं पडली, व अखेर स्पीकचें प्रशस्तिपत्र म्हणून आमच्याकडे परत आली. पाहुणा दाराशीं आला तो आपल्या कुळाचा म्हणून आम्हीं ओंवाळून घेतला. पण तो निघाला होता अलेक्झांड्रियाहून.

यावर कोणी म्हणतील कीं, प्राचीन भारतीयांचा नीलेच्या देशाशीं संबंध होताच, मग एवढी चिकित्सा कशाला? संबंध होता, हें आम्हांस सर्वस्वीं मान्य आहे. पण त्याचा पुरावा निराळ्या जातीचा आहे. तांबड्या समुद्रावरील बेरेनीके बंदराच्या उत्खननांत १९९९ सालीं भारतीय बनावटीच्या रांजणांत सुमारें साडेसात किलो काळी मिरी सांपडली. त्याच ठिकाणीं रोमन सम्राट फिलिप याच्या कारकीर्दीतील, इ. स. २४८ मधील, संस्कृत व ग्रीक लेख मिळाला असून तो वसुल नांवाच्या क्षत्रियाचा आहे. २०२२ सालीं तेथें बुद्धाची मूर्तिही सांपडली. इकडे कार्ले व जुन्नर येथील लेण्यांत यवन दात्यांचे लेख आहेत. आणि पेरिप्लसच्या अज्ञात ग्रीक कर्त्यास कल्याण, पैठण व तगर म्हणजे तेर हीं नांवें ठाऊक होतीं. हा पुरावा नीलेच्या उगमाविषयीं एक अक्षर बोलत नाहीं. व्यापारी समुद्र ओलांडून जात व येत, एवढेंच तो सांगतो. परंतु तो कोणाच्या फर्माइशीवरून तयार झालेला नाहीं, आणि हेंच त्याचें मोल. ज्याच्या घरीं असें खरें नाणें आहे त्यानें खोटें नाणें बाजारांत कां चालवावें? एक उघडकीस आलें म्हणजे सराफ उरलेलीं सर्वच नाणीं वाजवून पाहतो, आणि खऱ्या मालासही बट्टा लागतो.

पोथ्यांचा संग्रह करणाऱ्यांस या प्रकरणांतून घेण्याजोगें बरेंच आहे. जुना लेखक चुकला म्हणजे चुकीवर हरताळ लावी. ती दुरुस्ती उघड असे, लपविण्यासाठीं नसे. म्हणून पिवळ्या हरताळाची भीति बाळगूं नये. भीति बाळगावी ती कागदाच्याच रंगाच्या खळीची. संशयित पान उजेडासमोर धरावें, आणि विशेषनामांवर दृष्टि अधिक रोखावी, कारण खरवड तेथेंच व्हावयाची. पण डोळ्यांच्या तपासणीपेक्षांही मोठा उपाय म्हणजे दुसरी प्रत, आणि तीही निराळ्या प्रांतांतली, निराळ्या मालकाची. जोन्स फसला तो संस्कृतांत उणा होता म्हणून नव्हे. ज्या पोथ्यांविषयीं वाद होता त्याच त्यानें वाचल्या म्हणून. पुण्याच्या भांडारकर संस्थेनें १९१९ ते १९६६ पर्यंत महाभारताची चिकित्सक आवृत्ति सिद्ध केली ती नाना लिप्यांतील, नाना प्रांतांतील प्रती ताडून. त्या खटाटोपाचें मर्म हेंच. आणि सर्वांत शेवटीं एक प्रश्न स्वतःस विचारावा: हें वचन मला पाहिजे होतें काय? पाहिजे होतें असें उत्तर आलें, तर तें वचन दुप्पट कसोटीनें घांसून पाहावें.

काशीस अठराव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या स्कंद, ब्रह्मांड किंवा पद्म या पुराणांच्या प्रती ज्यांच्या संग्रहीं असतील, त्यांनीं त्यांतील देशवर्णनाचे अध्याय इतर प्रांतांतील प्रतींशीं ताडून पाहावेत, अशी आमची विनंति आहे. बारा हजार श्लोक थोडे नव्हेत. त्यांच्या नकला झाल्या असल्यास त्या ओळखून वेगळ्या काढणें हें पुराणांवरील भक्तीचेंच काम आहे. पुराणांस स्पीकच्या प्रशस्तिपत्राची गरज नाहीं. त्यांस गरज आहे ती शुद्ध प्रतींची. इत्यलम्.