हरिभाऊंचा पाल्हाळ

लेखक जन्मावा लागतो, असे आपल्याकडे फराळाच्या ताटावरसुद्धा सहज बोलून जातात. मीही एके काळी त्याच मताचा होतो, आणि म्हणूनच हरि नारायण आपट्यांना मनातल्या मनात जरा खालचा पाट देत असे. किती तो पाल्हाळ! 'पण लक्षात कोण घेतो?' तर मी एकदा अर्ध्यावर मिटून ठेवली होती.

यंदा ती पुन्हा हाती घेतली. त्याआधी मुद्दाम 'मधली स्थिति' वाचली. १८८५ सालची ही हरिभाऊंची पहिली कादंबरी. लिहिणारा अवघा विशीतला, आणि आधार रेनॉल्ड्स या इंग्रज कादंबरीकाराचा. उसनेपणा जागोजागी जाणवतो. तेवढ्यावरून कोणी लेखकाची पत्रिका मांडली असती, तर तीत राजयोग खचित दिसला नसता! पुढे १८९० साली हरिभाऊंनी 'करमणूक' साप्ताहिक काढले आणि दर आठवड्याला मजकूर पुरवण्याचे जू दोन तपांहून अधिक काळ मानेवर वागवले. यमूची कहाणी त्यातूनच क्रमशः आली.

या कहाणीत पाल्हाळ सुटला आहे का? मुळीच नाही. पण आता बोलते आहे ती यमू. माजघरात बसून एखादी बाई मन मोकळे करू लागली, की ती अशीच बोलते: एक सांगता सांगता दुसरे आठवते, दादाचे बोलणे मध्येच येते, घरातली कुरबूर पुन्हापुन्हा निघते. या लांबणीत आपण तिच्या घरचे होऊन जातो. म्हणूनच वैधव्यानंतर तिचे जबरीने केशवपन होते, तेव्हा पुस्तक हातात धरवत नाही. जो दोष म्हणून मी मोजत होतो, त्याला लिहिता लिहिता आपली जागा सापडली होती.

उपजत प्रतिभा नसली तरी व्यासंग आणि यत्न यांनी उपासना केल्यास वाणी काही ना काही अनुग्रह करतेच, असे दंडी 'काव्यादर्शा'त सांगतो. हरिभाऊंना प्रतिभा नव्हती, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. एवढेच, की १८८५ साली ती कोणाला दाखवता आली नसती.

मात्र चिकाटीला सगळेच साधते असेही नव्हे. 'उषःकाला'तली काही पाने मी आजही गाळूनच वाचतो. तिथे बोलायला यमू नाही.