जिजाईचं भांडण कुठे गेलं?

सेकंड शिफ्ट सुटली की पुणे-नगर रस्त्यावर कंपन्यांच्या बसगाड्यांची रांग लागते. रांजणगाव एमआयडीसीतून एकेक बस कारेगावात माणसं उतरवत पुढे जाते. हे घरी येतात तेव्हा रात्रीचे साडेबारा होत आलेले असतात. मी ताट वाढते, टीव्ही लावते, आणि आदल्या रात्री जिथे थांबलो होतो तिथून सिनेमा पुढे सुरू होतो. असा एकेक सिनेमा दोन-तीन रात्रींत संपतो. मग त्यावर भांडण होतं, ते मात्र आठवडाभर पुरतं.

गेल्या दिवाळीपासून आम्ही ठरवून पुरस्कार मिळालेले मराठी चित्रपट पुन्हा पाहतो आहोत. बहुतेक दोघांनीही पूर्वी पाहिलेले होते, पण वेगवेगळे. यांनी कॉलेजात असताना, मी माहेरी. आमच्या चाळीत अशा चित्रपटाला ‘अवॉर्डवाला पिच्चर’ म्हणतात. म्हणजे चांगला, पण एकदाच बघायचा. एकदा बघून नमस्कार करायचा. त्याच्याशी वाद घालायचा नाही. मला वाटतं, मराठी सिनेमाचं मोठं नुकसान या नमस्काराने केलं आहे.

आधी हिशोब मांडते. राष्ट्रीय पुरस्कारांच्या पहिल्याच वर्षी, 1954 मध्ये, सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रपती सुवर्णपदक आचार्य अत्र्यांच्या ‘श्यामची आई’ला मिळालं. त्यानंतर हा मान मराठीकडे यायला तब्बल पन्नास वर्षं लागली. तो संदीप सावंत यांच्या ‘श्वास’ने आणला. पुढे ‘देऊळ’, ‘कोर्ट’ आणि ‘कासव’. म्हणजे अर्धं शतक कोरडं गेलं आणि नंतर पंधरा वर्षांच्या आत चार सुवर्णकमळं आली. ‘कासव’ 2016 सालचा. त्यानंतर 2023 सालच्या चित्रपटांपर्यंतचे पुरस्कार जाहीर झाले, पण हे सुवर्णकमळ मराठीकडे आलेलं नाही. निखिल महाजन यांना ‘गोदावरी’साठी दिग्दर्शनाचा पुरस्कार मिळाला, ‘नाळ’च्या दोन्ही भागांना आणि ‘गोष्ट एका पैठणीची’लाही पुरस्कार मिळाले, तरी ती लाट ओसरल्यासारखी वाटते. ती का ओसरली हे मला शोधायचं होतं, आणि त्याचं उत्तर मला सापडलं ते सगळ्यात जुन्या चित्रपटात.

‘संत तुकाराम’ 1936 चा, प्रभातचा. दामले-फत्तेलाल यांनी पुण्यातल्या त्यांच्या स्टुडिओत केलेला. दुसऱ्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम सगळ्यांना आठवतो. आम्ही दुसऱ्यांदा पाहिला तेव्हा मला दिसली ती गौरीबाईंची जिजाई. पोर आजारी आहे, घरात दाणा नाही, नवरा अभंगात बुडालेला. ही बाई पायातलं पायताण हातात घेते, तरातरा देवळात जाते आणि विठोबालाच जाब विचारते. हे म्हणाले, “ती गंमत म्हणून घातलेली आहे, लोकांना हसवायला.” मी तो भाग मागे नेऊन पुन्हा लावला. तिचा श्वास बघा, म्हटलं. पदर कमरेला खोचलेला, डोळ्यांत पाणी नाही, आवाज फाटलेला. माझी आजी सोसायटीच्या सेक्रेटरीशी असंच बोलायची. त्या सिनेमात देवाची बाजू आहे, तशी चुलीचीही आहे, आणि चुलीची बाजू तितक्याच ताकदीने भांडते. शेवटी विमान येतं ते तुकोबांसाठी. जिजाई खालीच राहते. तिला खाली ठेवलं म्हणूनच तो चित्रपट नुसता भक्तीचा राहत नाही, संसाराचाही होतो.

मग जिजाईचं हे भांडण पुढच्या पुरस्कारांच्या सिनेमांत कुठे गेलं?

माझं म्हणणं असं की ते मुलांच्या डोळ्यांत विरघळलं. यादी बघा. ‘श्यामची आई’तला श्याम, ‘श्वास’मधला परशुराम, ‘टिंग्या’, ‘विहीर’, ‘फँड्री’, ‘किल्ला’, ‘नाळ’. आपल्या गाजलेल्या चित्रपटांनी जग पाहिलं ते लहान मुलाच्या नजरेने. बालकलाकारांचे राष्ट्रीय पुरस्कार मराठीकडे किती आले ते पाहा: अश्विन चितळे, शरद गोयेकर, सोमनाथ अवघडे, श्रीनिवास पोकळे. या मुलांनी कॅमेऱ्यापुढे जे केलं ते थोर आहे, त्यात मला काडीचा संशय नाही. पण मूल प्रश्न विचारतं आणि थांबतं. त्याला उत्तर द्यावं लागत नाही. कर्ज फेडायचं नसतं, मुलीचं लग्न जमवायचं नसतं, तलाठ्याकडे खेटे घालायचे नसतात. मूल मध्ये ठेवलं की दिग्दर्शकाला मोठ्या माणसांचा जमाखर्च अर्धा सोडून देता येतो. त्या घरात ज्यांना उत्तर माहीत असतं त्या बाया मागे चुलीपाशी, धुराच्या पलीकडे राहतात.

यावर आमचं सगळ्यात मोठं भांडण झालं ते ‘टिंग्या’वरून. मंगेश हाडवळे जुन्नर तालुक्यातले, चित्रपट तिकडचाच, शरद गोयेकरही तिकडचाच. माझं माहेर त्याच तालुक्यात, त्यामुळे त्यातली भाषा माझ्या कानातली आहे. बिबट्यासाठी केलेल्या सापळ्यात पडून चितंग्या बैल जायबंदी होतो. तो आता कामाचा नाही, विकायला हवा, आणि घेणारा कोण असणार हे सगळ्यांना माहीत आहे. टिंग्या विचारतो, शेजारच्या म्हाताऱ्या नानीला औषधपाणी करता, मग माझ्या बैलाला का नाही? हा प्रश्न मराठी सिनेमात विचारल्या गेलेल्या फार मोठ्या प्रश्नांपैकी आहे. यांचे डोळे भरून आले. माझेही आले. तरी मी म्हटलं, “अहो, बैल विकायचा निर्णय कुठल्याही घरात एकट्या बापाचा नसतो. आमच्याकडे सर्जा विकला तेव्हा बाजाराच्या आदल्या रात्री आईने त्याला पुरणाचा घास दिला आणि सकाळी तीच नानांना, माझ्या वडिलांना, म्हणाली, आता न्या. तिला काय वाटलं ते मला कुठल्याच पडद्यावर दिसलं नाही.”

हे बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “अगं, पण तुझ्या आईचा सिनेमा तुझ्या आईने काढायला पाहिजे. हाडवळ्यांनी जे लहानपणी पाहिलं ते दाखवलं.” मला तेव्हा राग आला होता. आता वाटतं, यांच्या बोलण्यात अर्धं सत्य आहे. 2004 नंतरची पिढी आपल्या गावाचा, आपल्या जातीचा, आपल्या बोलीचा सिनेमा घेऊन आली, आणि ती बहुतेक मुलग्यांची पिढी होती. सुमित्रा भावे या मोठ्या अपवाद. ‘दोघी’, ‘वास्तुपुरुष’, ‘अस्तु’, ‘कासव’ हे त्यांनी सुनील सुकथनकर यांच्यासोबत केलेलं काम पाहिलं की कळतं, घरातल्या बाईला विचार असतो, आणि तो दाखवता येतो. ‘कासव’मध्ये इरावती हर्षे यांची जानकी त्या खचलेल्या मुलाला उपदेश न करता जवळ घेते. यांना तो चित्रपट फार शांत, फार सुशिक्षित वाटला. मला तसा वाटला नाही, पण ते पुन्हा कधीतरी.

‘फँड्री’च्या बाबतीत मात्र मी हरले. मी म्हटलं, इथेही पुन्हा मूलच. हे म्हणाले, जब्या प्रश्न विचारत नाही, तो दगड मारतो. खरं आहे. डुकराच्या मागे धावणारं ते कुटुंब शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येताच जागच्या जागी उभं राहतं आणि हाताशी आलेलं डुक्कर निसटतं, तो प्रसंग आम्ही सलग तीनदा पाहिला. तिथे बाप, आई, बहिणी सगळे एका रेषेत उभे आहेत. अपमानाचा वाटा सगळ्यांना सारखा. नागराज मंजुळे यांनी मुलाची नजर वापरली, पण मोठ्यांना त्यातून सुटू दिलं नाही.

आता घोडनदीच्या पलीकडची गोष्ट. शिरूरला जुनी माणसं अजून घोडनदीच म्हणतात. नदी ओलांडली की श्रीगोंदा तालुका लागतो. ‘ख्वाडा’ करणारे भाऊराव कऱ्हाडे तिकडचे. जमीन विकून त्यांनी हा चित्रपट केला. त्यांना परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला आणि महावीर सब्बनवाल यांना प्रत्यक्ष जागेवर केलेल्या ध्वनिमुद्रणाचा. या दुसऱ्या पुरस्काराबद्दल कोणी बोलत नाही, म्हणून मी बोलते. माझे सासरे मेंढपाळ होते. दिवाळीनंतर मेंढ्या घेऊन निघायचे ते पावसाळ्याच्या तोंडाशी परत. हे दहावीपर्यंत सुट्टीत मेंढरांच्या वाड्यावर, म्हणजे तळावर, असायचे. ‘ख्वाडा’ लावला तेव्हा यांनी पहिली दहा मिनिटं पडद्याकडे पाहिलंच नाही, डोळे मिटून ऐकत बसले. वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, कोंडलेल्या मेंढ्यांचा रात्रीचा आवाज वेगळा असतो, म्हणाले. कुत्रं दुरून भुंकलं की सगळा कळप एकदम गप्प होतो, आणि ती शांतताच मेंढपाळाला जागं करते. असा आवाज स्टुडिओत मागाहून भरता येत नाही.

वनखात्याशी जमिनीसाठी झगडणारा रघू कऱ्हे, कुस्तीचा आणि लग्नाचा ध्यास घेतलेला बाळू, गावच्या सत्तेशी पडलेली गाठ. इथे केंद्रात मूल नाही, तरणा गडी आहे, आणि त्याला निर्णय घ्यावा लागतो. म्हणून ‘ख्वाडा’ मला या पिढीतला फार महत्त्वाचा चित्रपट वाटतो, काही सुवर्णकमळांहूनही. तरी यांची तक्रार होतीच, आणि गंमत अशी की ती माझीच तक्रार होती: “वाडा चालवते ती बाई. घोड्यावर संसार लादते ती, कोकरं सांभाळते ती, मुक्काम कुठे टाकायचा हे बाप सांगतो पण पाणी कुठे आहे हे आई सांगते. आई पाहिजे होती जास्त.”

‘देऊळ’बद्दल थोडक्यात. रांजणगावचा महागणपती आमच्या अगदी शेजारी. देवस्थानामुळे गावात रस्ता येतो, दुकान येतं, पोराला काम मिळतं हे आम्ही रोज पाहतो. म्हणून या चित्रपटातली हॉस्पिटल चांगलं आणि देऊळ वाईट इतकी सरळ वाटणी आम्हाला पटत नाही. गिरीश कुलकर्णी यांचा केश्या आणि करडी गाय मात्र विसरता येत नाहीत.

‘कोर्ट’ आम्ही सुट्टीच्या दुपारी पाहिला. चैतन्य ताम्हाणे यांचा हा चित्रपट व्हेनिसला दोन पुरस्कार घेऊन आला, मग सुवर्णकमळ. वीरा साथीदार यांचा शाहीर नारायण कांबळे सगळ्यांना आठवतो. मला आठवते सरकारी वकील नूतन, गीतांजली कुलकर्णी यांनी केलेली. कोर्टात ही बाई जुन्या कायद्यातलं लांबलचक कलम एका सुरात वाचते, मग लोकलने घरी जाते, स्वयंपाक करते, वाढते. दुष्ट नाही, दमलेली आहे. सुट्टीच्या दिवशी हे कुटुंब नाटकाला जातं. नाटकात मराठी मुलीवर प्रेम करणाऱ्या उत्तरेकडच्या मुलाला बाप हाकलून देतो आणि प्रेक्षागृह टाळ्यांनी भरून जातं.

नेमक्या त्या वेळी शेजारची भाभी वाटी परत द्यायला दारात आली होती. ती बिहारची, नवरा यांच्याच कंपनीत कंत्राटी. आमच्या ओळीतल्या दहा खोल्यांपैकी सहा उत्तरेकडच्या माणसांच्या आहेत. तिला मराठी जेमतेम कळतं. पण तो चढलेला आवाज आणि टाळ्या तिला कळल्या. तिने वाटी कट्ट्यावर ठेवली, “बाद में आती हूँ दीदी” म्हणाली आणि गेली. यांनी टीव्ही बंद केला. त्या दिवशी आम्ही भांडलो नाही. मी पहिल्यांदा तो चित्रपट पाहिला होता तेव्हा त्या प्रसंगाला मी हसले होते, एवढं मात्र मी यांना सांगितलं.

नूतनसारखी बाई आणखी कुठे आहे? ‘धग’मध्ये आहे, मसणात राबणाऱ्या घरातली, पोराला त्यातून बाहेर काढू पाहणारी. उषा जाधव यांना त्यासाठी अभिनयाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ‘किल्ला’मधली अमृता सुभाष यांची आई आहे, जिची स्वतःची बदली, स्वतःचं ऑफिस, स्वतःचा पेच आहे, हे नाव यांनी काढलं आणि मी मान्य केलं. आणि अलीकडे ‘साबर बोंडं’. रोहन परशुराम कानवडे यांच्या या चित्रपटाला 2025 च्या जानेवारीत सनडान्समध्ये जागतिक विभागाचा सर्वोच्च परीक्षक पुरस्कार मिळाला. गाव शेजारच्याच अहिल्यानगर जिल्ह्यातलं. बापाच्या दहा दिवसांच्या सुतकात मुंबईहून आलेला आनंद, त्याचा गावातला बाल्या, दोन पुरुषांमधली माया. यांना आधी अवघडल्यासारखं झालं. मग जयश्री जगताप यांची आई बोलू लागली. तिला मुलाचं सगळं माहीत आहे, भावकीला काय सांगायचं आणि काय नाही हेही माहीत आहे. ती देवळात पायताण घेऊन जात नाही, पण मुलाच्या बाजूने उभी राहते. हे म्हणाले, “ही घे तुझी जिजाई.” सिनेमा संपला तेव्हा तीन वाजले होते.

मराठी चित्रपटाची वाट आता इथून पुढे जायला हवी, असं माझं ठाम मत आहे. मुलाच्या नजरेने त्याला खरं गाव दिलं, खरी बोली दिली. आता त्या गावातल्या मोठ्या बाईला बोलू द्यावं, आणि तिने भांडण काढलं तर कॅमेरा हलवू नये.

एक विनंती आमच्या भागातल्या मंडळांना आहे. गणेशोत्सवात चौकात पडदा लावताच, तर एक रात्र ‘ख्वाडा’ लावा आणि एक रात्र ‘संत तुकाराम’. बायकांना पुढे बसवा. संपल्यावर लगेच दिवे लावून खुर्च्या आवरू नका, अर्धा तास लोकांना बोलू द्या.